दोरबाईंचा हात

दोरबाईंना जमिनीवरून काही उचलायला वाकताना मी कधी पाहिलं नाही. खडू पडला, रुमाल पडला, कुणाच्या वहीतला सुटा कागद पडला, की त्यांचा उजवा पाय पुढे जायचा. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात ती वस्तू पकडली जायची, पाय मागे दुमडून वर यायचा आणि हात ती घ्यायला तिथे हजर असायचा. हे सगळं बोलता बोलता, समोरच्यावरची नजर न काढता. शाळेतल्या मास्तरणी नाक मुरडायच्या आणि पोरी घरी जाऊन तसंच करून पाहायच्या. वर्षानुवर्षं दोर धरून त्या दोन बोटांत एवढी फट पडली होती की कोणतीही चप्पल त्यांना सैलच व्हायची.

नागपूरच्या सदरमधल्या मुलींच्या एका शाळेत त्या चपराशी होत्या. घंटा द्यायची, माठ भरायचे, वर्ग झाडायचे. संध्याकाळी शाळा सुटली की मागच्या अंगणातल्या कडुनिंबाच्या फांदीला सुती दोर टांगायचा आणि आसपासच्या बायकांना दोराचा मल्लखांब शिकवायचा, हे त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलेलं काम. मोठ्या बाईंनी एकाच अटीवर परवानगी दिली होती: कोणी पडता कामा नये. खरं नाव शेवंताबाई, पण त्या नावानं फक्त पगाराच्या दिवशी हाक मारली जायची. राहायला इंदोऱ्याला, भाऊ आणि भावजयीकडे. वडील आखाड्यातले वस्ताद होते. आखाड्याच्या मातीत बायकांनी पाय ठेवायचा नाही, खांबाला हात लावायचा नाही, असा तेव्हाचा रिवाज. म्हणून त्यांनी लेकीसाठी गोठ्याच्या आढ्याला दोर बांधला. दोरबाई सांगायच्या, "खांब जमिनीत गाडलेला असते वं. जमीन कोणाची तरी असते. दोराले जमीनच लागत नाई, मंग कोणाले इचारायचं?"

मी त्यांच्याकडे गेले ती काही हौसेनं नाही. मीनू दीड वर्षाची असताना मला विषमज्वर झाला. तीन महिने अंथरुणात काढून उठले तेव्हा डोक्यावर केस नव्हते आणि अंगात जीव नव्हता. तरी आईपणाची घाई कुणाला आवरते? एका सकाळी मी मीनूला उचललं आणि अंगणातल्या दगडी पायरीवर ती माझ्या हातातून निसटली. भुवईवर चार टाके पडले. घरात मला कोणी एका शब्दानं बोललं नाही आणि तेच मला जास्त लागलं. फक्त त्या दिवसापासून मी मीनूकडे वळले की सासूबाई किंवा मोठ्या जाऊबाई आधी पुढे व्हायच्या. हळूहळू मीनूनंही माझ्याकडे हात करायचं सोडून दिलं. तिला भूक लागो की झोप येवो, ती माझ्यासमोरून दुडदुडत जायची आणि दुसऱ्याच कुणापुढे दोन्ही हात वर करायची. मी बघत बसायची. पोटच्या पोरीनं आपल्याला मोडक्या खुर्चीसारखं टाळावं, यासारखं दुःख नाही. मीही मग तिला घ्यायचं मनातून सोडून दिलं होतं.

शेजारच्या शकूताईंनी मला ओढतच त्या निंबाखाली नेलं. दोरबाईंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "काडी हाये नुसती." झालं, त्या दिवसापासून मी काडी. आम्ही आठजणी होतो आणि आठहीजणींना त्यांनी अशी नावं ठेवली होती. कुणी ढोली, कुणी घाबरट, शकूताई तर मास्तर. खरी नावं त्यांनी कधी विचारली नाहीत, निदान आम्हाला तसं वाटायचं. दुसऱ्या दिवशी येताना नवऱ्याचा जुना पायजमा आणायचा हुकूम झाला. यांनी आपला पायजमा मुकाट्यानं काढून दिला, पण वाळत घातलेला तो पायजमा माझा आहे हे कळल्यावर सासूबाईंनी दोन दिवस दोरीच्या त्या टोकाला आपलं लुगडं टाकलं नाही.

पहिल्या दिवशी मी दोर धरून पाय उचलले आणि लगेच टेकवले. तेवढ्यानं हात थरथरायला लागले होते. "काहून वं, हात काय मायघरी ठेवून आली का?" दोरबाई म्हणाल्या. मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं, पाणी दिलं आणि परत दोराकडे बोट दाखवलं.

त्यांच्याकडे आकडे मोजायची पद्धत नव्हती. दोराला लोंबकळायचं आणि घरातल्या माणसांची नावं घ्यायची, एका श्वासाला एक नाव. सगळी घेऊन झाली की उतरायचं. त्यांचा हिशेब सरळ होता: जेवढी माणसं घरी, तेवढा भार बाईच्या हातावर, तेवढं तरी तिला पेलता यायला हवं. आमच्या घरी नऊ माणसं. आता खरी पंचाईत अशी की त्या काळी सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, सासूचं नाही, मोठ्या दिरांचं नाही, जाऊबाईंचं नाही आणि नवऱ्याचं तर नाहीच नाही. उरलं काय? मी, मीनू आणि दोन पुतणे. मी मोठ्या खुशीत चार नावं घेऊन खाली उतरले. दोरबाईंनी बोटांवर मोजलं होतं. "पाच जण कुठी गेले? उपाशी ठेवले का?" मी कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "दोरावर कोणी सून नसते. चढ वापस."

मला आठवतं, शकूताई नवऱ्याच्या नावापाशी आल्या की लाजेनं हात सोडून द्यायच्या. एक जण उखाणा घेऊ लागली, तर तो संपायच्या आत खाली आली. मी एकदा लबाडी केली. सासऱ्यांचं नाव गिळून पुढे गेले आणि नऊ झाली म्हणून उतरले. दोरबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "तुहा सासरा दारात उभा हाये. त्याले घरात घे." मी पुन्हा चढले. महिन्याभरानं माझ्या तोंडी सासऱ्यांचं नाव इतकं बसलं की एकदा घरी ताट वाढताना ते निसटता निसटता राहिलं.

पण त्यांची खरी शिकवणी होती ती हाताची. आमच्यातली एखादी वर गेली की दोरबाई दोराखाली येऊन उभ्या राहायच्या. उजवा तळवा उताणा, पाठीपासून चार बोटं खाली. तो हात कधी अंगाला लागायचा नाही. कितीही थरथरा, कितीही कण्हा, वर ढकलायला तो यायचा नाही. आणि हात सुटला तर मात्र तो तळवा पाठीला लागलेला असायचाच. मी एकदा चिडून म्हटलं, थोडा हात लावला तर काय बिघडेल? त्या शांतपणे म्हणाल्या, "मी हात लावला तं तू चढली असं तुले कधीच वाटणार नाई. अन् मी हात काढला तं तू चढणारच नाई. म्हणून लावाचा नाई अन् काढाचाही नाई." हे वाक्य मी आजवर अनेकांना ऐकवलं आहे, माझं म्हणून.

पुढे पायाची पकड आली. दोर अंगठ्यात धरायचा, दुसऱ्या पायानं त्याला आढी घालायची, गुडघे ओढून वर सरकायचं. बोटांमधली कातडी सोलून निघाली, तिला हळद लावून पुन्हा चढायचं. दिवाळीला मी नऊ नावं घेतली. संक्रांतीला फांदीला हात लावून आले. त्याच सुमारास एका संध्याकाळी मी घरी आले तर मीनू पायरीवर बसली होती. मी तिला न विचारता दोन्ही बगलांत हात घालून उचललं. ती घाबरून ताठ झाली. मी तशीच उभी राहिले आणि मनात नावं म्हणायला लागले. सासरे, सासू, मोठे दीर. सहाव्या नावाला तिचं अंग सैल पडलं आणि तिनं माझ्या मानेत तोंड घातलं. सासूबाई दारात आल्या होत्या. त्या पुढे झाल्या नाहीत. आत जाताना एवढंच म्हणाल्या की पायजमा आता चांगला शिवून घे, जुनेर फाटेल. दुसऱ्या दिवशी मी हे दोरबाईंना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं त्या पाठ थोपटतील. त्या म्हणाल्या, "आता एका हातानं उचल."

यानंतर जे झालं ते लिहायला मला आजही जड जातं.

नागपंचमीला आखाड्यातल्या खांबाची पूजा होते, त्याला एरंडेल चोळतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात, हे मी लहानपणी माहेरी महालातल्या आखाड्याच्या भिंतीवरून डोकावून पाहिलं होतं. दोरबाईंचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं. त्या नागपंचमी करत नसत आणि आम्हाला कर किंवा करू नको असंही म्हणत नसत. मला मात्र वाटलं, ज्या दोरानं माझी पोर मला परत दिली त्याची पूजा नको? खांबाला तेल लावतात तर दोरालाही लावत असतील, एवढीच माझी अक्कल. नागपंचमीच्या सुट्टीला मी शाळेची बुटकी भिंत ओलांडली, पडवीतल्या खुंटीवर गुंडाळून ठेवलेल्या दोराला वाटीभर एरंडेल भक्तिभावानं चोळलं, वरच्या गाठीला हळदकुंकू लावलं, नमस्कार केला आणि घरी येऊन पुरणाची दिंडं खाल्ली. लाकडाच्या खांबाला तेल लागतं ते अंग सोलवटू नये म्हणून, आणि दोराला तेल म्हणजे काळ, हे मला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोर नेहमीसारखा टांगलेला होता. कुंकू दिसलं नाही, म्हणून मला वाटलं पुसलं गेलं असेल. रोजचा पहिला चढाव दोरबाईंचा असायचा. दोर तपासल्याशिवाय त्या कुणाला हात लावू देत नसत. त्या सरसर वर गेल्या, फांदीच्या जवळ पोचल्या आणि त्यांचे हात सुटले. पायाची आढी घातलेली नव्हती. दोराखाली अंथरलेल्या तणसाच्या गादीच्या कडेवर खांदा आपटून त्या पडल्या. त्यांच्या खाली कुणाचाच हात नव्हता. त्यांच्या खाली हात धरायची वेळ येईल असं आमच्यापैकी एकीच्याही मनात कधी आलं नव्हतं.

मी किंचाळत सुटले की तेल मी लावलं, तेल मी लावलं. दोरबाईंनी पडल्या पडल्या माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मोठ्या बाई धावत आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "तेल होतं दोराले. म्हणून हात सरकला."

खांद्याचं हाड मोडलं. वर्ग बंद झाला. मोठ्या बाईंची अट मोडली होती आणि त्यांचंही काही चुकलं नाही. बाकीच्या सातजणी मला टाकून बोलल्या नाहीत, पण वाटेत भेटलं की दोघींचेही शब्द लवकर संपायचे. दोरबाईंना पाहायला जायचं मी रोज ठरवायची आणि रोज काहीतरी निमित्त काढून घरी राहायची. मीनूला कडेवर घेऊन मी सदरच्या बाजारात खुशाल हिंडत होते आणि जिनं मला ते बळ दिलं तिला मी तेल लावून खाली पाडलं होतं. खांदा जुळला, पण हात पहिल्यासारखा झाला नाही असं कानावर आलं. मग घंटा दुसरं कुणी देऊ लागलं. मग त्या शाळेत येईनाशा झाल्या. एक वर्ष मी त्यांना तोंड दाखवलं नाही. याला भित्रेपणा म्हणतात आणि त्याला दुसरं नाव द्यायची माझी इच्छा नाही.

शेवटी शकूताईच म्हणाल्या की दोरबाई फार खंगल्या आहेत, आता गेली नाहीस तर राहून जाईल. मी दुपारी इंदोऱ्याला गेले. भाऊ-भावजय कामावर, घरात त्या एकट्या, खाटेवर भिंतीला टेकून. हात मांडीवर ठेवलेले, बोटं आत वळलेली, अंगठ्याजवळचं मांस पार आटलेलं. मी पाय धरायला वाकले आणि खाटेखाली मला दोराची गुंडाळी दिसली. वरच्या गाठीला हळदकुंकवाचा वाळलेला डाग होता. हात लावला तर बोटांना एरंडेलाचा चिकट वास आला. वर्ष झालं तरी तो गेलेला नव्हता.

मी तो दोर हातात घेऊन तशीच खाली बसून राहिले. दोरबाईंच्या लक्षात आलं.

"तुह्या तेलाचा दोर मी चढलीच नाई वं," त्या म्हणाल्या. "सकाळी घंटा द्याले आली तेव्हाच पाह्यलं. तो उतरवून ठेवला अन् पेटीतला जुना टांगला. हात आधीपासूनच सुटून राहिले होते. घंटेचा हातोडा दोनदा पडला हातातून. मी कोणाले सांगतलं नाई."

मी विचारलं, का नाही सांगितलं?

"हात गेलेल्या चपराशाले कोण ठेवते? तुह्या तोंडातून तेल निघालं अन् मले आयतंच भेटलं. तुह्यावर ढकललं मी. सहा महिने नोकरी टिकली त्याच्यावर." मग म्हणाल्या, "तू येशीन अन् भांडशीन, असं वाटत होतं. तू तं आलीच नाई."

मला राग यायला हवा होता. वर्षभर उरावर घेतलेला दगड माझा नव्हताच, म्हणून सुटल्यासारखंही वाटायला हवं होतं. यातलं काहीच झालं नाही. मला वाटलं, तेलच असतं तर किती बरं झालं असतं. तेल धुता आलं असतं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी भावाला सांगितलं होतं की हा नसांचा रोग आहे, हातांपासून सुरू झाला आहे, हळूहळू सगळीकडे जाईल आणि यावर औषध नाही.

त्यानंतर मी दर गुरुवारी जात राहिले. जाऊन काय करायची? केस विंचरायची, संत्र्याच्या फोडी सोलून भरवायची, त्या करू द्यायच्या तेवढं. हात चोळून पाहिले, तेल लावून पाहिलं, माहेरच्या वैद्यांचा लेप लावून पाहिला. एका गुरुवारी मी वेड्यासारखी तो दोर त्यांच्या मुठीत देऊन वरून माझी मूठ आवळून धरली, जणू माझ्यातलं बळ त्यातून परत जाईल. त्यांनी ते होऊ दिलं. मग म्हणाल्या, "माह्यावाल्या हातातून तुह्या हातात गेलं ते वापस येत नसते. अन् तसं आलं असतं तं मी घेतलं नसतं." पायांत मात्र अजून जीव होता. चादर घसरली की त्या अंगठ्यात धरून ती वर ओढून घ्यायच्या आणि माझ्याकडे पाहून हसायच्या. पुढे पुढे तेही थांबलं.

श्रावण लागायच्या आधीच त्या गेल्या. त्या दिवशी मी नागपुरात नव्हते. पण मला शेवटचा म्हणून आठवतो तो मे महिन्यातला एक गुरुवार. बाहेर ऊन रणरणत होतं. खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या ताटीवर मी पाणी मारलं, चहा केला आणि कप त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी मान फिरवली.

"माह्या हातात दे. अन् हात लावू नको."

मी त्यांच्या दोन्ही तळव्यांत कप ठेवला. निम्माच भरला होता. मग माझा उजवा तळवा उताणा करून कपाच्या चार बोटं खाली धरला. त्यांनी ते पाहिलं आणि मानेनं बरोबर म्हटलं. कप थरथरत होता. त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाल्या, "शकुंतला."

मला आधी कळलंच नाही. त्या पुन्हा श्वास घेऊन म्हणाल्या, "सुमन." मग वच्छला. मग जुलेखा. कधीतरी आम्ही त्यांना चेष्टेनं विचारलं होतं की बाई, तुम्ही दोरावर कुणाची नावं घेता, आणि त्या म्हणाल्या होत्या की माझ्या घरी दोनच माणसं, त्याला दोर कशाला लागतो. "कमल," त्या म्हणाल्या. चहा काठावर आला होता. माझा हात वर जायला ओढत होता आणि मी तो जागच्या जागी धरून ठेवला होता. एवढा जड हात मी आयुष्यात कधी धरला नाही.

"निर्मला," त्या म्हणाल्या. ते माझं नाव. त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकलं.

आणि कप सुटला. गरम चहा माझ्या तळव्यावर सांडला, पण कप मी धरला. दोरबाईंनी डोळे मिटले होते. त्यांना श्वास पुरत नव्हता.

"साऱ्या झाल्या का वं?" त्यांनी विचारलं.

आम्ही आठजणी होतो. नावं सहाच झाली होती, दोघी अजून दारात उभ्या होत्या.

"झाल्या, बाई," मी म्हटलं.

बाईंच्या वर्गात मी केलेली ती दुसरी लबाडी. ती त्यांनी चालवून घेतली.